मनाली–लेह–खारदुंगला: सायकलचे गिअर घरूनच ठरवून निघा

दरवर्षी जून आला की तेच प्रश्न सुरू होतात. "सिंहगड न थांबता चढतो, मग खारदुंगला जमेल ना?" "कॅसेट ११-३२ आहे, पुरेल का?" (कॅसेट म्हणजे मागच्या दातेरी चाक्यांचा संच; सगळ्यात लहान चाकीला ११ दाते, सगळ्यात मोठीला ३२.) विचारणारे बहुतेक जण तयारीचे असतात, पायात ताकद असते, तरी मनाली–लेह वाटेवरच्या सर्चूच्या पुढे सायकल ढकलत चालताना दिसतात. चूक पायांची नसते. गिअर निवडताना त्यांनी घाटाचा उभेपणा पाहिलेला असतो, हवेचा हिशेब धरलेला नसतो.

आधी एक तुलना मनात पक्की करा. वाई ते पाचगणी हा पसरणी घाट साधारण बारा किलोमीटरमध्ये साडेपाचशे-पावणेसहाशे मीटर चढतो, म्हणजे पाच टक्क्यांच्या आतबाहेर. लेह ३,५०० मीटरवर आणि खारदुंगला ५,३५९ मीटरवर. मधलं अंतर चाळीस किलोमीटरच्या जरा आत, म्हणजे तिथलीही सरासरी पाच टक्क्यांच्या आतच. हे रस्ते फौजेचे ट्रक चढावेत म्हणून बांधलेले आहेत, त्यामुळे भिंतीसारखे उभे चढ तिथे फारसे नाहीत. खारदुंगला म्हणजे उतार न लागता सलग तीनदा चढलेला पसरणी घाट. फक्त वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याला टेकलेला असतो. या एका गोष्टीने सगळं गणित फिरतं.

खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. बहुतेक लोक पाचव्या पायरीपासून, म्हणजे दुकानातून सुरुवात करतात आणि दोनदा खर्च करून बसतात.

## १. आधी स्वतःला मोजा

पॉवरमीटर लागत नाही. एक घाट, एक घड्याळ आणि एक वजनकाटा पुरतो.

पायथ्यापासून माथ्यापर्यंतची उंची माहीत असलेला घाट निवडा: पसरणी, सिंहगड, आंबेनळी, कुठलाही. शर्यतीच्या वेगाने चढू नका. ज्या वेगाने सहा तास चालवता येईल आणि शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल, तो वेग धरा. माथ्यावर पोहोचल्यावर चढलेली उंची भागिले लागलेला वेळ. एका तासात साडेपाचशे मीटर चढलात तर तुमचा आकडा ५५०. तो लिहून ठेवा.

त्याच दिवशी वजनही लिहा: तुम्ही, कपडे-हेल्मेट, सायकल, पाण्याच्या बाटल्या. समजा एकूण ९० किलो.

इथे हमखास चूक होते ती अशी, की लोक आपला सर्वोत्तम वेळ धरतात. रविवारी सकाळी रिकाम्या सायकलवर जीव तोडून मारलेला सिंहगड तुमच्या सातव्या दिवशीच्या पायांबद्दल काही सांगत नाही. मनाली सोडल्यापासून सात-आठ दिवस झालेले असतील, तंबूत झोप अर्धवट, जेवणाची वासना गेलेली. त्या पायांचा आकडा हवा आहे.

तपासा: चढून आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा तोच घाट त्याच वेगाने चढता येईल असं मनापासून वाटतं का? नसेल तर वेग जास्त होता. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजा.

## २. हवेची वजावट करा

शरीर उंचीला सरावलेलं असलं तरीही दमाची ताकद कमी होतेच. मी हे आकडे धरतो: ३,००० मीटरवर घरच्या ताकदीच्या ८५ टक्के, ४,००० वर ७५, ५,००० वर ६०. माणसागणिक थोडं इकडेतिकडे होतं, आणि सराव न झालेल्या शरीरात घट जास्त असते.

मनाली–लेह रस्त्यावरचे माथे पाहा: रोहतांग ३,९७८ मीटर, बारालाचा ४,९०० च्या जरा खाली, मग नकीला, त्यापुढे पाच हजारांच्या वरचा लाचुलुंगला, आणि टांगलांगला ५,३२८. म्हणजे रोहतांग ओलांडल्यावर जे काही खरं चढायचं आहे ते ६० ते ७५ टक्के ताकदीवर. गिअर ठरवताना ६० च धरा. रोहतांगला जो गिअर पुरला तो टांगलांगला पुरेलच, असं समजणारे पुष्कळ आहेत. पहिल्याच मोठ्या चढावर सगळं ठीक चाललं की गैरसमज पक्का होतो.

आता सामानाचं वजन. पाठीमागे गाडी असलेल्या ग्रुपबरोबर जात असाल तर सायकलवर जेमतेम दोन-तीन किलो वाढतात. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह स्वतः वाहणार असाल तर पंधरा किलो कुठे गेले कळत नाही, आणि पांगच्या आसपासच्या कोरड्या टप्प्यात त्यात पाण्याची भर पडते.

गणित असं:

- घरचा आकडा ५५०, एकूण वजन ९० किलो.
- पाच हजार मीटरवर: ५५० × ०.६ = ३३०.
- सामानासह वजन १०५ किलो: ३३० × ९० ÷ १०५ = साधारण २८३ मीटर तासाला.
- सहा टक्के चढावर: २८३ ÷ ६ × १०० = सुमारे ४,७०० मीटर तासाला, म्हणजे ४.७ किलोमीटर. खराब रस्त्यावर आणखी थोडा कमी.

सहाच टक्के का, सरासरी तर पाच आहे? कारण सरासरी कोणी चढत नाही. मध्ये सपाट तुकडे असतात, तेवढंच उरलेलं जास्त उभं असतं. स्पितीत काझावरून वर गावांकडे जाणारे फाटे तुमच्या बेतात असतील तर आठ धरा. गावचे फाटे महामार्गाइतके ऐसपैस नसतात.

४.७ हा आकडा बघून बऱ्याच जणांना अपमान झाल्यासारखं वाटतं. वाटू देऊ नका. चांगला, तयारीचा माणूस सामान घेऊन टांगलांगलाच्या वरच्या टप्प्यात एवढ्याच वेगाने जातो. या वेगाला सायकल सुखाने चालली पाहिजे, एवढंच गिअरचं काम आहे.

सावधान: हलका गिअर हा उंचीच्या सरावाला पर्याय नाही. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. जिस्पा ३,२०० वर आणि झिंगझिंगबार ४,२७० च्या आसपास. एका दिवसात ही उडी मारायची नाही, मध्ये निदान पत्सिओला थांबायचं. डोकं दुखत असताना किंवा मळमळत असताना कुठल्याही गिअरमध्ये वर जायचं नाही.

## ३. हवा असलेला गिअर मीटरमध्ये काढा

'३४-३२' (पुढे ३४ दाते, मागे ३२), 'ग्रॅनी गिअर' (सगळ्यात हलका गिअर) असल्या भाषेत तुलना करताना गोंधळ होतो, कारण चाकाचा आकार त्यात येत नाही. सरळ मोजमाप एकच: पॅडलच्या एका पूर्ण फेरीत सायकल किती मीटर पुढे जाते.

वर ४.७ किलोमीटर तासाला आले, म्हणजे मिनिटाला साधारण ७८ मीटर. चढावर मिनिटाला ६० फेऱ्या पडाव्यात असं धरा. ७८ ÷ ६० = १.३ मीटर. सामानासह जाणाऱ्याला हवा असलेला सगळ्यात हलका गिअर हा. गाडीच्या भरवशावर, सामानाशिवाय जाणाऱ्यासाठी हेच गणित दीड मीटरवर येतं.

मिनिटाला साठच का? घरी आपण ऐंशी-नव्वद फिरवतो. तिथे एवढं फिरवायला दम पुरत नाही. पन्नासच्या खाली गेलं की प्रत्येक फेरीला गुडघ्याच्या वाटीवर आणि मांडीवर ओझं येतं. पाय भरून आले की माणूस सीटवरून उठून उभा राहतो, आणि पाच हजार मीटरवर उभं राहून मारलेली वीस पॅडल पुढची पाच मिनिटं वसूल करतात. बसून राहता येणं हीच तिथली खरी ताकद.

हे मी वाचून सांगत नाही. पहिल्या खेपेला माझ्याकडे ३४-३२ होता. रुम्त्सेच्या दिशेला उतरायच्या आधीचा टांगलांगलाचा तो शेवटचा टप्पा. मी पॅडल मोजत होतो, घड्याळात पाहून. मिनिटाला पस्तीस. डावा पाय खाली दाबला की पुढचं चाक डावीकडे वळायचं, उजवा दाबला की उजवीकडे, आणि धुळीत मागे चाकाची नागमोडी रेघ उमटत होती. चाळीस पॅडल, मग हँडलवर डोकं टेकून पंचवीस श्वास, मग पुन्हा चाळीस. शेजारून एक जण पुढे तीन चेनरिंग, म्हणजे दातेरी चाकं, असलेल्या जुन्या एमटीबीवर (माउंटन बाइक), बसल्या जागी, सरळ रेषेत, माझ्यापेक्षा जेमतेम किलोमीटरभर जास्त वेगाने निघून गेला. तो थांबत नव्हता, एवढाच फरक होता. माथ्यावर तो माझ्या पाऊण तास आधी पोहोचला.

याला खालचीही मर्यादा आहे. १.१ मीटरचा गिअर मिनिटाला साठने फिरवला तर वेग तासाला चार किलोमीटर. त्याच्या खाली भरलेली सायकल सरळ ठेवणं अवघड होतं, तोल सावरण्यातच दम जातो. म्हणून १.२ च्या खाली जाण्यासाठी पैसे घालवू नका. तिथे उतरून ढकलणं जास्त शहाणपणाचं.

## ४. तुमच्या सायकलवर आज काय आहे ते काढा

चाकाचा घेर: टायरमध्ये नेहमीची हवा भरा, व्हॉल्व्ह खाली जमिनीला आणा, खडूने खूण करा. सायकलवर बसून, भिंतीला हात लावत, चाकाची एक पूर्ण फेरी पुढे जा आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे घेर. ७०० × २८ टायरला साधारण २.१४ मीटर येतो, ७०० × ३८ ला २.१८, २६ इंची जाड टायरला २.०५, २९ इंचीला २.२९.

दाते: पुढच्या सगळ्यात लहान चेनरिंगवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकीवर आकडा कोरलेला असतो. दिसत नसेल तर एका दाताला टेप लावून मोजा.

पुढचे दाते ÷ मागचे दाते × घेर = एका फेरीतले मीटर.

नेहमी भेटणाऱ्या सायकलींचे आकडे:

- रोड बाइक, पुढे ५०-३४, मागे ११-२८: २.६ मीटर. मागे ३४ बसवला तरी २.१४.
- हायब्रिड, पुढे ४८-३८-२८, मागे ११-३२: १.९.
- ट्रेकिंग, पुढे ४८-३६-२६, मागे ११-३२: १.७७. मागे ३६ केला तर १.५७.
- सात गिअरची हायब्रिड, पुढे ४२-३४-२४, मागे १४-२८: १.८७. मागे १४-३४ केला तर १.५४.
- एमटीबी, पुढे ४४-३२-२२, मागे ११-३६, ७०० ची चाकं: १.३३.
- नवी २९ इंची एमटीबी, पुढे एकच ३२, मागे १०-५१: १.४४. पुढे ३० केला तर १.३५.

वरून पहिली ओळ आणि खालून दुसरी ओळ यांच्यातला फरक पाहा. 'मागे मोठी कॅसेट टाकली की झालं' हा समज या यादीने तरी मोडावा. मागे २८ चा ३४ केलात तर गिअर सुमारे अठरा टक्के हलका होतो. पुढे ३४ च्या जागी २२ आला तर पस्तीस टक्के. खरा फायदा पुढच्या लहान चेनरिंगमध्ये आहे, आणि लोक तिकडे सगळ्यात शेवटी बघतात.

## ५. बदल ठरवा: पुढून मागे

आता दुकानाकडे वळा. क्रम असा: आधी पुढचं चेनरिंग किंवा क्रँक (पॅडलचे दांडे आणि चेनरिंगं यांचा जोड), मग कॅसेट, मग डिरेलर (चेन एका चाकीवरून दुसरीवर सरकवणारा भाग), शेवटी चेन. कॅसेट आधी घेतलीत तर डिरेलर तिला पेलतो का, हा प्रश्न पैसे दिल्यावर उभा राहतो.

पुढे किती खाली जाता येतं हे क्रँकच्या बोल्टच्या वर्तुळावर ठरतं. ५०-३४ च्या नेहमीच्या रोड क्रँकवर, ११० मिलिमीटरच्या वर्तुळावर, ३३-३४ च्या खालचं चेनरिंग बसतच नाही. कितीही चांगला मेकॅनिक असला तरी नाही. तिथे ४६-३० चा क्रँक घ्यावा लागतो, त्यावर मागे ३४ मिळून १.८९ मीटर होतात. जुन्या तीन चेनरिंगच्या रोड क्रँकवर आतलं ३० असतं. आतलं वर्तुळ ७४ मिलिमीटरचं असेल तर तिथे २४ पर्यंत जाता येतं. हा स्वस्तात मिळणारा मोठा फायदा आहे. ट्रेकिंग क्रँकवर आतलं २६ आणि वर्तुळ ६४ मिलिमीटरचं असेल तर २२ बसतं.

मात्र आतलं लहान केलंत की बाहेरचंही पाहा. पुढचा डिरेलर साधारण २२ दात्यांचा फरक पेलतो. ४८ आणि २२ मधला फरक २६, म्हणजे जास्त. बाहेरचं ४४ करा. ४८ गेलं म्हणून हळहळू नका, तिथल्या उतारावर पॅडल मारायची वेळच येत नाही. दोन्ही हात ब्रेकवर असतात.

स्वस्त हायब्रिडवरच्या क्रँकची चेनरिंगं बऱ्याचदा रिव्हेट मारून पक्की केलेली असतात. ती एकेकटी बदलत नाहीत, अख्खा क्रँक बदलावा लागतो.

मागे आधी हे बघा की तुमच्याकडे कॅसेट आहे की फ्रीव्हील. सात गिअरच्या पुष्कळ सायकलींवर आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. तिथे कॅसेट बसणार नाही, पण १४-३४ चं फ्रीव्हील मिळतं, आणि एवढ्या कमी खर्चात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. आठ-नऊ गिअरला ११-३४ किंवा ११-३६ घ्या.

डिरेलर दोन गोष्टींवर पारखायचा. एक, तो सगळ्यात मोठी किती दात्यांची चाकी पेलतो. दोन, त्याची एकूण क्षमता. तुम्हाला लागणारी क्षमता = (पुढचं मोठं − पुढचं लहान) + (मागची मोठी − मागची लहान). ४४-२२ आणि ११-३४ ला: २२ + २३ = ४५. याला लांब पिंजऱ्याचा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा खालचा भाग) एमटीबी डिरेलरच लागतो. दोन्ही आकडे कंपनीच्या माहितीपत्रकात असतात. दुकानदाराला 'बसेल ना?' विचारू नका, आकडा दाखवायला सांगा.

सावधान: शिमानोच्या आठ-नऊ गिअरमध्ये रोडचे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) आणि एमटीबीचा मागचा डिरेलर एकमेकांशी जुळतात. दहा गिअरपासून जुळत नाहीत, कारण केबल ओढण्याचं माप बदललं. दहा गिअरच्या रोड शिफ्टरवर दहा गिअरचा एमटीबी डिरेलर लावून महिनाभर ट्यूनिंग करत बसलेले लोक मी पाहिले आहेत. ते ट्यून होत नाही.

रोड बाइकवाल्यांना एक स्पष्ट मत. फ्रेममध्ये जाड टायर बसत नसेल, कॅरिअरला जागा नसेल आणि सामान स्वतः वाहायचं असेल, तर त्या सायकलवर खर्च करू नका. मित्राची जुनी तीन चेनरिंगची एमटीबी मागून घ्या, तिला नवी चेन-कॅसेट आणि कमी खाचांचे टायर लावा. गाडी बरोबर असेल आणि पाय मुरलेले असतील तर ३०-३४ वर लोक जातात, पण ते पाय कुठले, हे पहिल्या पायरीत तुम्ही स्वतःच मोजलं आहे.

## ६. बसवण्याचा क्रम

१. आधी जुन्या चेनची झीज गेजने मोजा. झिजलेली चेन नव्या कॅसेटवर जोर लावल्यावर दाते सोडते. नवी कॅसेट घेतलीत तर चेन नवीच घ्या.

२. डिरेलरचा हँगर (डिरेलर ज्यावर लटकतो तो फ्रेमला लावलेला छोटा तुकडा) सरळ आहे का ते हँगर गेजने बघून घ्या. वाकडा असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग वाया जातं.

३. चेनची लांबी. चेन डिरेलरमधून न नेता पुढच्या सगळ्यात मोठ्या चेनरिंगवर आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चाकीवर गुंडाळा. टोकं जिथे मिळतात त्याच्यापुढे एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त ठेवून तोडा. मागे-पुढे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली सायकल असेल तर सस्पेन्शन दाबून मोजा.

४. बी-स्क्रू, म्हणजे डिरेलर चाकीपासून किती दूर राहील ते ठरवणारा स्क्रू. मोठ्या चाकीवर चेन असताना डिरेलरची वरची छोटी चाकी तिला घासता कामा नये. घासत असेल तर स्क्रू आत घ्या.

५. एल लिमिट स्क्रू, म्हणजे डिरेलरला आतल्या बाजूला थांबवणारा स्क्रू. हाताने डिरेलर आत ढकलून पाहा. चेन मोठ्या चाकीच्या पलीकडे स्पोकमध्ये जाता कामा नये.

६. केबलचं ट्यूनिंग सगळ्यात शेवटी.

तिसऱ्या मुद्द्यावर जरा थांबतो. माझ्या सायकलवर एका दुकानात मोठी कॅसेट बसवली आणि चेन जुन्याच लांबीची ठेवली. स्टँडवर सगळं छान चाललं, कारण स्टँडवर कोणी पुढे मोठं आणि मागे मोठं करून पाहिलं नाही. बोपदेव घाटाच्या पायथ्याशी नकळत तो गिअर पडला. एक करकर आवाज, आणि पिंजरा पुढे ताणला जाऊन हँगर मोडला. पुण्याबाहेर होतो म्हणून टेम्पोत टाकून घरी आलो. हेच सर्चूत झालं असतं तर प्रवास तिथे संपला असता.

तपासा: सायकल दुकानातून घेण्याआधी, तिथेच, स्वतः, मोठं-मोठं आणि लहान-लहान दोन्ही पाडून बघा. मोठं-मोठंमध्ये पिंजऱ्यात थोडी तरी ढील हवी. लहान-लहानमध्ये चेन लोंबली तर चालेल, तो गिअर वापरायचा नाही.

## ७. घाटावर खरी परीक्षा

निघण्याआधी निदान महिनाभर. जेवढं सामान नेणार तेवढंच वजन पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) भरा, तांदळाच्या पिशव्या टाका. सिंहगडावर जा, तिथली काही वळणं सरासरीपेक्षा बरीच उभी आहेत. सगळ्यात हलका गिअर पाडा आणि मुद्दाम तासाला साडेचार-पाच किलोमीटरने चढा. तोंड बंद, श्वास नाकाने. नाकाचा श्वास पुरेनासा झाला की वेग कमी करायचा, उभं राहायचं नाही.

इतकं हळू चालवायची सवय कोणालाच नसते. पहिल्या दिवशी सायकल डुलते, कंटाळा येतो, मागून पोरं ओरडत पुढे जातात. तिसऱ्या खेपेला रेषा सरळ होते. ही सरळ रेषा हे एक वेगळं कौशल्य आहे आणि ते हाच सराव करून येतं.

याच दिवशी तीन गोष्टी पाहा. चढावर अर्ध्यात थांबून पुन्हा निघता येतं का? येत नसेल तर सीट सेंटिमीटरभर खाली घेऊन बघा. आतल्या लहान चेनरिंगवर उतरताना चेन फ्रेमकडे पडते का? पडत असेल तर पुढच्या डिरेलरचा आतला लिमिट स्क्रू सुधारा किंवा चेन कॅचर बसवा. खाली आल्यावर गुडघे दुखतात का? दुखत असतील तर अजून हलका गिअर हवा, किंवा सीटची उंची चुकली आहे.

## ८. मनालीपर्यंत सायकल नेताना

गिअर इथेच बिघडतात. दिल्ली किंवा चंदिगडहून रात्रीच्या बसच्या डिकीत सायकल उजव्या अंगावर आडवी टाकतात, वर बॅगा येतात, आणि सकाळी हँगर वाकलेला असतो. पाचवा गिअर करकरतो म्हणून लोक केबल पिळत बसतात.

पॅक करताना डिरेलर हँगरवरून सोडवा, फडक्यात गुंडाळून चेनस्टेला (पॅडलपासून मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) बांधा. सोडवायचा नसेल तर निदान सायकल डिरेलर वर येईल अशी ठेवायला लावा आणि स्वतः डिकीपाशी उभे राहा.

मनालीत पोहोचलात की पहिल्याच दिवशी कोठीपर्यंत, रोहतांगच्या जुन्या रस्त्यावर, सामानासह जाऊन या. शरीराला सराव होतो आणि सायकलीत काही हललं असेल तर दुकानं हाताशी असतात. पुढे टांडीच्या पेट्रोल पंपावरची प्रसिद्ध पाटी सांगते की पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. सायकलच्या सुट्या भागांचंही तेच समजा.

म्हणून बरोबर हे हवंच: तुमच्याच फ्रेमचा जास्तीचा हँगर (दुसऱ्या फ्रेमचा बसत नाही), तुमच्या चेनच्या मापाची दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चेन तोडायचं हत्यार, गिअरची एक आतली केबल, एक ब्रेक केबल, तेलाची छोटी बाटली, जुना टूथब्रश.

## ९. रस्त्यावर गिअर कसा वापरायचा

चढ सुरू व्हायच्या आधी पुढचं लहान चेनरिंग पाडा. जोर लावलेल्या अवस्थेत पाडलं तर चेन उतरते, आणि चेन चढवायला वाकून उठलं की तिथे डोळ्यांपुढे अंधारी येते.

गाटा लूप्सची २१ वळणं हा गिअर शिकायचा उत्तम वर्ग आहे. वळणाच्या आतल्या बाजूने चढ फार उभा असतो. समोरून वाहन नसेल आणि दिसत असेल तर बाहेरून वळसा घ्या, अंतर थोडं वाढतं पण श्वास तुटत नाही. वळण संपल्यावर मिळणाऱ्या जरा सपाट तुकड्यात जड गिअर टाकून वेग काढायचा मोह होतो. तो टाळा. त्या तुकड्यात फक्त श्वास भरून घ्या. एकविसाव्या वळणानंतर नकीला आहे आणि त्यानंतर लाचुलुंगला, हे लक्षात असू द्या.

मोरे मैदानात उलट चूक होते. सपाट रस्ता बघून लोक मोठं चेनरिंग टाकतात. मैदान दिसतं सपाट, पण ते ४,७०० मीटरवर आहे आणि दुपारी वारा बहुतेक तोंडावर येतो. मधल्या चेनरिंगवरच राहा. टांगलांगलासाठी पाय शिल्लक हवेत.

झिंगझिंगबारच्या पुढे दुपारी बर्फ वितळून रस्त्यावरून नाले वाहतात. चाकं बुडाली की चेनचं तेल धुऊन जातं आणि वर पांढरी धूळ बसते. संध्याकाळी टूथब्रशने चेन झाडा, कड्यांवर एकेक थेंब तेल घाला, दहा मिनिटांनी फडक्याने पुसून कोरडी करा. तेल जास्त झालं तर सकाळी धूळ आणखी चिकटते. पहाटे थंडीत शिफ्टर जड लागतो आणि गिअर अर्धवट पडतो. अशा वेळी केबलचा ताण बदलू नका, ऊन लागलं की तो आपोआप सुटतो. दुपारीही तसाच राहिला तर हँगर बघा.

थांबायचं असेल तर थांबण्याआधी हलका गिअर पाडून ठेवा. चढावर निघताना सायकल रस्त्याला आडवी धरा, एक पॅडल वर घ्या, पुढे-मागे बघा, आडवेच दोन पॅडल मारा आणि मग वर वळा.

लेहमध्ये खारदुंगलाच्या आधी एक दिवस पूर्ण विश्रांती आणि पुन्हा सहाव्या पायरीतले चौथा, पाचवा आणि सहावा मुद्दा. साउथ पुल्लूपर्यंतचे चोवीस-पंचवीस किलोमीटर पसरणीसारखेच जातात, तिथपर्यंत मधल्या गिअरमध्ये राहून सगळ्यात हलका एक गिअर शिल्लक ठेवा. त्याची गरज साउथ पुल्लूच्या वर लागते. त्यातही मिनिटाला चाळीस फेऱ्या पडेनाशा झाल्या तर उतरा आणि ढकला: शंभर पावलं, थांबा, दहा श्वास, पुन्हा शंभर पावलं. दहा मिनिटांनी चढ जरा मऊ झाला की बसा. ढकलतानाही सरळ चालता येईना, पाय लटपटायला लागले किंवा बोलणं अडखळायला लागलं, तर सायकल वळवा आणि तडक लेहकडे उतरा. बरोबरच्यांपैकी एकाने त्रास होणाऱ्यासोबत उतरायचं, त्याला एकट्याला पाठवायचं नाही.